गैरहजरांची यादी

सन २०२० च्या महामारीनंतर सेवाभावी क्लबांचे जे अहवाल निघाले आणि वर्धापनदिनाची जी भाषणे झाली, त्यांत एका आशयाचे वाक्य हमखास आढळते. त्या कठीण काळातही आमची एकही सभा चुकली नाही, आम्ही सारे सभासद एकमेकांच्या सतत संपर्कात होतो, असा तो आशय. वक्ता हे अभिमानाने सांगतो आणि श्रोते टाळ्या वाजवतात. माझे म्हणणे असे आहे की, हे विधान अक्षरशः खरे असले तरी त्यात अभिमान बाळगण्याजोगे फार थोडे आहे. ज्या संस्था सेवा हे आपले ब्रीद म्हणून मिरवतात, त्यांनी त्या दोन वर्षांची परीक्षा या मापाने करावी, हे तर त्यांना मुळीच शोभत नाही.

प्रतिपक्षाच्या बाजूने जे न्याय्य आहे ते आधी त्याच्या पदरात घातले पाहिजे. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटले आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला. भारतातील पहिला रोटरी क्लब कलकत्त्यास १९१९ साली सुरू झाला. त्या शताब्दीचा सोहळा फेब्रुवारीत जेमतेम आटोपला होता, तोच सर्वांची कवाडे बंद झाली. त्याच वर्षी होनोलुलू येथे भरावयाचे रोटरीचे जागतिक अधिवेशन रद्द करून ते संगणकाच्या पडद्यावर भरवावे लागले. अशा वेळी गावोगावच्या क्लबांनी झूमवर सभा घेतल्या, यात वावगे काहीच नाही. पुष्कळ क्लबांनी मुखपट्ट्या वाटल्या, शिधा पोहोचवला, २०२१ च्या उन्हाळ्यात प्राणवायूची यंत्रे मिळवून दिली. या कामाचे मोल कमी लेखण्याचा करंटेपणा मी करणार नाही. माझा वाद त्या कामाशी नाही. ते काम बाजूला सारून जेव्हा सभांची संख्या आणि उपस्थितीची टक्केवारी पुढे केली जाते, तेव्हा माझा वाद सुरू होतो.

उपस्थितीला या क्लबांत पहिल्यापासूनच फार मान. १९०५ साली शिकागो येथे पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन स्नेही एकत्र आले आणि पुढे आळीपाळीने एकमेकांच्या कचेऱ्यांत भेटू लागले. त्या आळीपाळीवरूनच रोटरी हे नाव पडले. परक्या शहरात उद्योगासाठी आलेल्या माणसाला चार ओळखीची तोंडे दिसावीत, ही त्यामागची साधी मानवी गरज होती. पुढे या भेटीला नियमांचे रूप आले. एका क्लबात चुकलेली हजेरी दुसऱ्या क्लबात जाऊन भरून काढण्याचीही सोय झाली. हजेरीची ही शिस्त चांगलीच आहे. परंतु हजेरीपटाचा एक उपजत दोष असा की, जो आला त्याची तो नोंद करतो आणि जो आला नाही त्याच्या नावापुढे नुसती रेघ ओढतो. ती रेघ का ओढावी लागली, हे विचारण्याची जागा त्या पटात नसते. सुखाच्या दिवसांत याने काही बिघडत नाही. महामारीत मात्र त्या रेघेमागे माणूस आजारी असू शकतो, एकाकी असू शकतो, मरणाच्या दारातही असू शकतो.

मी ज्या गावी नोकरीला आहे तेथील एका क्लबाचा त्या काळातील वार्षिक अहवाल टंकून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. सभा किती, पाहुण्यांची व्याख्याने किती, कोणकोणत्या सभासदांचे वाढदिवस पडद्यावर साजरे झाले, सारे त्यात तपशीलवार होते. शेवटच्या पानावर ‘सभासदत्व संपुष्टात’ या मथळ्याखाली एकच नाव होते आणि त्यापुढे कारण लिहिले होते: ‘दीर्घ अनुपस्थिती’. हे गृहस्थ सेवानिवृत्त, विधुर, मुलगा परदेशी आणि जवळ साधा बटणांचा फोन. झूम म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि सांगूनही त्या फोनवर त्याचा उपयोग नव्हता. दोन वर्षे क्लबाच्या ‘सतत संपर्कात’ असलेल्या एकाही सभासदाने त्यांच्या जुन्या क्रमांकावर घंटी वाजवली नाही. नियमाप्रमाणे त्यांना कमी करण्यात आले आणि नियमाप्रमाणे मी ती ओळ टंकली. क्लबाच्या दृष्टीने यात काहीच चुकले नव्हते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

कोणी म्हणेल, हा एखाद्या क्लबाचा गाफीलपणा, त्यावरून सबंध चळवळीला दोष का द्यावा? मी तो देत नाही. उलट मी असे म्हणतो की, गैरहजराला शोधण्याची विद्या याच चळवळीला इतरांहून अधिक ठाऊक आहे. १९८५ साली रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा विडा उचलला. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि घरोघर फिरणाऱ्या असंख्य लसीकरण सेविका या सर्वांच्या जोडीने ते काम आपल्या देशात चालले. लस घेतलेल्या बालकाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करीत. ज्या घरातील सर्व बालकांना डोस मिळाला त्या घराच्या भिंतीवर खडूने ‘पी’ लिहीत आणि जेथे एखादे बालक राहून गेले, झोपले होते, गावाला गेले होते किंवा आईबापांनी नकार दिला होता, त्या घरावर ‘एक्स’ लिहीत. मोहिमेचे खरे यश त्या ‘एक्स’मध्ये होते. ‘पी’ची घरे मोजून कोणी स्वस्थ बसले नाही, ‘एक्स’च्या घरांकडे पथके पुन्हा पुन्हा गेली. म्हणूनच १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेली रुग्ण बालिका या देशातील शेवटची ठरली आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त म्हणून जाहीर झालो. परक्याच्या दारावरचा ‘एक्स’ ज्यांनी इतक्या चिकाटीने पुसला, त्यांना आपल्याच यादीतील ‘एक्स’ दिसू नये, याला काय म्हणावे?

याला तीन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, सभा चालू राहिल्या नसत्या तर क्लबच मोडले असते, आणि क्लब मोडल्यावर सेवा कोण करणार? हे मला मान्य आहे. परंतु सभा हे साधन आहे. साधन शाबूत राखले एवढ्यावर जो समाधान मानतो, तो विहिरीवर राहाट बसवून पाणी न काढणाऱ्या माणसासारखा होय. दुसरे उत्तर असे की, घराबाहेर पडणेच निषिद्ध होते. होते, आणि ते योग्यच होते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात आणले आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. तेवढे धैर्य आम्हा सामान्यांकडे कोणी मागत नाही, आणि रोग्याला शिवण्याचा उपदेश मीही करणार नाही. परंतु सावित्रीबाईंच्या हाती दूरध्वनी नव्हता. आमच्या प्रत्येकाच्या खिशात होता. पाच मिनिटे बोलण्यास ना परवाना लागत होता, ना मुखपट्टी.

तिसरे उत्तर आम्हा सरकारी नोकरांना विशेष प्रिय आहे: हे काम शासनाचे. मी स्वतः शासनाचा एक लहानसा कारकून आहे, म्हणून सांगतो. फाइलीला आकडे कळतात. बिऱ्हाडे कळत नाहीत. कोणत्या जिल्ह्यात किती खाटा रिकाम्या आहेत हे फाइल सांगेल. दोघेही नवराबायको तापाने पडले असता त्यांच्या शाळकरी मुलाने काय खाल्ले, हे ती सांगणार नाही. ते फक्त शेजारी सांगू शकतो, किंवा शेजाऱ्याची जागा घेणारी एखादी संस्था.

येथे हा प्रश्न आपल्या, म्हणजे या मासिकाच्या वाचकांच्या, उंबरठ्यावर येतो. आपल्यापैकी बहुतेकजण बदलीच्या गावी राहणारे. भाऊबंद पुण्याला, सासर नागपूरला, आणि आपण सरकारी वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावर. नात्यागोत्याची जी फळी गावी आपोआप उभी राहते, ती येथे महाराष्ट्र मंडळाने किंवा एखाद्या क्लबाने उभी करावयाची असते. मोठे अधिकारी क्लबात जातात, आम्ही कारकून मंडळी मंडळात सतरंज्या घालतो. परंतु महामारीने हा भेद पाहिला नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीसारख्या शहरात प्राणवायूच्या एका नळकांड्यासाठी मोठमोठ्या पदांची ओळख निरुपयोगी ठरली. त्या वेळी कामास आला तो कोणी तरी आठवणीने केलेला फोन. मंडळांनीही गणेशोत्सव पडद्यावर केले, आरत्या पडद्यावर म्हटल्या. छान झाले. पण मंडळाचा हिशेबनीस, मंडळाचा स्वयंपाकी, रखवालदार, नुकताच बदलून आलेला आणि अद्याप वर्गणी न भरलेला तरुण, यांच्यापैकी कितीजण त्या पडद्यावर होते?

आणि आपले म्हणजे केवळ मराठी, असेही समजण्याचे कारण नाही. ८ मे २०२० रोजी जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघालेले मध्य प्रदेशातील मजूर करमाडजवळ रुळांवर झोपी गेले आणि मालगाडीखाली त्यांतील १६ जण चिरडले गेले. त्यासाठी कोणत्याही क्लबाला दोषी धरणे अन्यायाचे होईल. पण ते आपल्या मुलखात परके होते, जसे आपण येथे परके आहोत. परक्या गावात आपले नाव कोणाच्या तरी वहीत असणे म्हणजे काय, हे आपल्याहून अधिक कोणाला कळावे?

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी आहे. प्रत्येक क्लबाने व मंडळाने एक नोंदवही ठेवावी. तीत सभासदांबरोबर त्यांच्या घरचे वृद्ध, संस्थेचे नोकर आणि वसाहतीतील एकटे राहणारे, यांची नावे, पत्ते व साध्या फोनचे क्रमांक असावेत. प्रत्येक दहा नावांमागे चौकशीस जबाबदार असा एक सभासद नेमावा. संकट नसतानाही महिन्यातून एकदा त्याने सर्वांना फोन करावा. कारण ज्याला एरवी कधी विचारले नाही, त्याला संकटात विचारताना आपली जीभ अडखळते आणि सांगताना त्याचीही. शेवटचा रकाना ‘भेट झाली नाही’ असा असावा, आणि दर सभेच्या प्रारंभी चिटणिसांनी उपस्थितीच्या आधी तो वाचून दाखवावा.

याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, पाहुणा लागत नाही. छायाचित्र मात्र निघणार नाही, आणि मला वाटते, खरी अडचण तीच आहे. पुढची साथ केव्हा येईल ते वैद्यांनाही सांगता येत नाही. परंतु आपल्या संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ठरल्या दिवशी भरणारच आहेत. त्या सभेत अहवाल मांडला जाईल तेव्हा वाचकांपैकी एकाने तरी उठून विचारावे: उपस्थिती समजली, गैरहजरांची यादी कोठे आहे?