बालारोग्य : सहा तासांची मुदत

‘मूल रडलें का?’ हा बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेल्या वडील मंडळींचा पहिला प्रश्न असतो. मुलगा कीं मुलगी, हा दुसरा. या क्रमांत पिढ्यांचें शहाणपण आहे. नाळ दाबली जाणें, वार अकालीं सुटणें अशा कारणांनीं ऐन जन्मवेळीं अर्भकाच्या मेंदूस रक्त व प्राणवायु मिळेनासा झाला, तर तें निपचित जन्मतें. अशांपैकीं कांहीं बालकें दगावतात. कांहीं जगतात; पण अवयवांचा ताठरपणा, अपस्मार, बुद्धिमांद्य यांचें ओझें त्यांस व त्यांच्या मातापितरांस जन्मभर वाहावें लागतें. वैद्यकशास्त्रापाशीं यावर फार काळ उपाय नव्हता.

घात झाला त्याच क्षणीं मेंदूच्या पेशी मेल्या, आतां करावयाचें काय, अशी पूर्वीं समजूत होती. १९८० नंतरच्या दशकांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील ऑस्मंड रेनॉल्ड्स व त्यांचे सहकारी यांनीं चुंबकीय यंत्राच्या साहाय्यानें अर्भकांच्या मेंदूंतील शक्तिद्रव्यांची तपासणी केली, तेव्हां निराळेंच दिसून आलें. श्वास चालू होतांच मेंदूचा व्यवहार पुष्कळदां सांवरतो. मात्र कांहीं तासांनीं तो पुन्हां ढासळूं लागतो, आणि अनेक पेशी या दुसऱ्या खेपेस मरतात. दोन आघातांच्या मध्यें थोडी उसंत असते ती ही.

या उसंतीचा उपयोग ज्यांनीं दाखवून दिला, त्यांत न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे डॉ. ॲलिस्टर गन हे प्रमुख होत. मेंढीच्या गर्भस्थ पिलांच्या मेंदूचा रक्तपुरवठा अर्धा तास अडवून, मग त्यांचें डोकें तीन दिवस थंड ठेवण्याचे प्रयोग त्यांनीं व सहकाऱ्यांनीं केले. हे प्रयोग १९९७ ते १९९९ या काळांत प्रसिद्ध झाले. दीड तासानें आरंभ केला तेव्हां मेंदू पुष्कळसा वांचला. साडेपांच तासांनींहि लाभ झाला. साडेआठ तासांनीं, आंचके सुरू झाल्यावर, तो मिळेना. सहा तासांची मुदत ठरली ती अशा प्रयोगांच्या आधारें.

शरीर थंड झालें कीं पेशींची भूक मंदावते, व त्यांस मरणाकडे नेणाऱ्या रासायनिक क्रियाहि मंदावतात. म्हणून बालकाचें तपमान सुमारें ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ७२ तास राखावयाचें व मग सावकाश ऊब द्यावयाची, असा हा विधि आहे. पुढें निरनिराळ्या देशांत चाचण्या झाल्या. अशा अकरा चाचण्यांतील १,५०५ बालकांचा एकत्र विचार २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. थंडावा दिलेल्या दर सात बालकांमागें एक बालक मृत्यूपासून किंवा मोठ्या व्यंगापासून वांचतें, असें त्यांत ठरलें.

परंतु आमच्या वाचकांनीं पुढील हकीकतहि लक्षांत घ्यावी. हाच उपाय भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात रुग्णालयांत ४०८ बालकांवर तपासण्यांत आला. त्यांत मुंबईचें लोकमान्य टिळक रुग्णालयहि होतें. ‘हेलिक्स’ नांवाच्या या चाचणीचे प्रमुख लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे डॉ. सुधीन थय्यिल हे होते. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला तो असा : थंडावा दिलेल्यांपैकीं शेंकडा ४२ बालकें दगावलीं, न दिलेल्यांपैकीं शेंकडा ३१. आपल्याकडे मेंदूस इजा पुष्कळदां प्रसूतीच्या पूर्वींच व हळूहळू होत असावी, आणि जन्माच्या वेळीं ती मुदत टळून गेलेली असावी, असा एक तर्क आहे. एका देशांत तारक ठरलेला उपाय दुसऱ्या देशांत तपासून न पाहतां उचलूं नये, हा या निकालाचा धडा आहे. असा प्रतिकूल निकाल झांकून न ठेवतां जगापुढें मांडणाऱ्यांचे उपकार आपण मानले पाहिजेत.

गृहिणींनीं यांतून काय घ्यावें? घरीं मूल थंड करण्याचा प्रयोग कोणीं चुकूनहि करूं नये. नवजात बालक कोरडें, उबदार व आईच्या कुशींत असावें. पोटांतील मुलाची हालचाल मंदावली तर सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें. आणि डोहाळजेवणाच्या थाटाइतकीच चौकशी प्रसूतीच्या जागेचीहि व्हावी : न रडणाऱ्या मुलास पहिल्याच मिनिटांत श्वास देणारा कुशल माणूस तेथें रात्रींहि हजर असतो काय, हें वडील मंडळींनीं आधींच विचारून घ्यावें.