विजेरीचा चार्जर व मोटारींतील पहारेकरी

आंबेनळी घाटासारख्या वाटेवर रात्रीं मोटार बंद पडली, म्हणजे हाताशीं असलेल्या विजेरीचें मोल कळतें. म्हणून पुन्हां पुन्हां भरतां येणारी विजेरी जवळ बाळगावी व तिचा चार्जर मोटारीच्या विजेवर जोडून घ्यावा, ही कल्पना दूरदृष्टीची आहे. शुभवर्तमानांतील दृष्टांतांत शहाण्या कुमारींनीं दिव्यांबरोबर तेलहि घेतलें होतें; ही सावधगिरी त्याच जातीची होय. परंतु प्रकाशाची सोय करितांना आगीची सोय होऊं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.

बारा व्होल्टांचा झटका बसत नाहीं, मग भीति कसली, असें पुष्कळ मुलें व कांहीं पालकहि म्हणतात. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. अंगास झटका बसणें हें विजेच्या दाबावर अवलंबून असतें. तार तापणें हें प्रवाहावर. मोटारीच्या बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्यामुळें उघडी तार लोखंडी सांगाड्यास भिडली, तर तिच्यांतून १०० अँपिअरांहून अधिक प्रवाह धांवूं शकतो. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते, हा जूलचा नियम आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. चार्जरची बारीक तार एवढी उष्णता सोसूं शकत नाहीं. तिचें आवरण वितळतें आणि जवळची गादी पेट घेते.

ह्या संकटावरील पहारेकरी म्हणजे फ्यूज. चार्जर १ अँपिअर घेत असेल, तर ३ अँपिअरांचा फ्यूज पुरे. तो तार जेथून निघते तेथेंच, अगदीं आरंभीं असावा; कारण फ्यूजच्या अलीकडील तारेस कोणाचेंच रक्षण नसतें. पत्र्याच्या छिद्रांतून तार जाते तेथें रबरी कडें बसवावें, नाहींतर पत्र्याची धार आवरण कापते. जोडणी किल्लीबरोबर बंद होणाऱ्या मंडलावर घ्यावी. अवघा ०.१ अँपिअर प्रवाह अहोरात्र वाहत राहिला, तर दिवसास २.४ अँपिअर-तास खर्च होतात, व ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यांत रिती होते. शिवाय एंजिन चालू असतां दाब १४ व्होल्टांच्या वर जातो, आणि लिथियमचा एक घट ४.२ व्होल्टांसच पूर्ण भरतो. म्हणून मोटारीकरितांच बनविलेला चार्जर मध्यें असल्यावांचून विजेरी कधींहि जोडूं नये. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींतहि ती ठेवूं नये.

आमचा खरा आक्षेप अज्ञानावर नसून "चालून जातें" ह्या वृत्तीवर आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागीं तारेचा तुकडा घालणें, म्हणजे चोर आला असें ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचें तोंड बांधणें होय. फ्यूज उडाला, तर दोष शोधावा. फ्यूजला दोष देऊं नये.

विद्यार्थिमित्रांनो, जूलचा नियम उत्तरपत्रिकेंत लिहून गुण मिळतात. तो घरच्या मोटारींत पाळल्यानें माणसें वांचतात. आणि पालकांस आमची विनंती अशी कीं, मिस्त्रीनें काम पुरें झालें असें सांगितल्यावर पैसे देण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: "फ्यूज कोठें बसविला तें दाखवा." तो दाखवितां आला नाहीं, तर काम पुरें झालेलें नाहीं असेंच समजावें.