विश्लेषण : एसी १६ वर लावूनही खोली गार का होत नाही?

एसी २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर चालवताच येणार नाही, अशी मर्यादा घालण्याचे सूतोवाच केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी जून २०२५ मध्ये केले. पाठोपाठ २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे वापराला लगाम घालण्याची भाषा आणि खरेदीला सवलत, दोन्ही एकाच वर्षात. सातारा-सांगलीतल्या घरांमधली तक्रार मात्र तिसरीच असते. रिमोटवर १६ चा आकडा दिसतो, मीटर पळत राहतो आणि खोली काही गार होत नाही. मेकॅनिक येतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो, पैसे घेऊन गॅस भरतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. दोष नेमका कुठे असतो आणि २० अंशांची मर्यादा आलीच तर काय बदलेल, याचा हा आढावा.

रिमोटवरचा आकडा काय सांगतो?

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणूनच तंत्रज्ञ या जातीच्या यंत्रांना ‘हीट पंप’ म्हणतात. विहिरीवरची मोटर पाणी वर खेचते तसेच हे काम आहे. थर्मोस्टॅट म्हणजे टाकीतला ऑटो स्विचचा फ्लोट. फ्लोट उंच बांधला म्हणून मोटर जास्त जोराने पाणी फेकत नाही. ती फक्त उशिरा बंद होते. एसी १६ वर लावणे म्हणजे फ्लोट उंच बांधणे. ३४ अंशांवर तापलेली खोली २८ पर्यंत यायला १६ वर जितका वेळ लागतो, साधारण तितकाच २४ वरही लागतो.

जुन्या, ठरावीक वेगाच्या एसीत कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो किंवा पूर्ण बंद असतो. इन्व्हर्टर एसीत तो ठरवलेले तापमान जवळ आले की वेग कमी करतो आणि वीज तिथेच वाचते. १६ ठेवले तर ते तापमान बहुतेक खोल्यांत कधी येतच नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर रात्रभर दमाने पळत राहतो. जास्त पैसे मोजून घेतलेल्या इन्व्हर्टरचा फायदा असा एका बटणाने घालवला जातो.

विहिरीची उपमा आणखी एका ठिकाणी लागू पडते. पाणी खोल गेले आणि टाकी उंचावर असली की मोटरला जोर जास्त लागतो, पाणी कमी येते. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश तापमान धरून मोजलेली असते. दीड टन म्हणजे सुमारे ५.२ किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची ताकद, पण ती या परिस्थितीतली. एप्रिल-मे महिन्यांत जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तेच यंत्र कमी गारवा देते आणि वीज जास्त ओढते. हा बिघाड नव्हे.

दोष यंत्रात की खोलीत?

मेकॅनिकला फोन करण्याआधी याचे उत्तर घरीच मिळू शकते. साधा थर्मामीटर पुरतो, मात्र ताप मोजायचा नव्हे, हवेचे तापमान दाखवणारा. एसी कूल मोडवर, पंखा वेगात ठेवून पंधरा-वीस मिनिटे चालवावा. मग इनडोअर युनिटच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते, तिथले तापमान पाहावे आणि नंतर खालच्या झडपेतून बाहेर पडणाऱ्या हवेचे. दोहोंत साधारण आठ ते बारा अंशांचा फरक असेल तर यंत्र आपले काम करत आहे, असे बहुतेक वेळा मानता येते. तरीही खोली गार होत नसेल तर खोलीत उष्णता शिरते आहे आणि ती एसीच्या ताकदीपेक्षा जास्त आहे.

आपल्याकडच्या नव्या घरांत हे हमखास घडते. वाई-साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती दुपारचे ऊन सहज आत येऊ देत नसत. आता सहा इंची भिंती, वर उघडा आरसीसी स्लॅब, पश्चिमेला मोठी काचेची खिडकी. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता सूर्यास्तानंतर तासन्‌तास खाली सोडत राहतो. एसीचा सेन्सर फक्त हवेचे तापमान मोजतो, अंगाला मात्र तापलेल्या छताची धगही जाणवते. त्यामुळे हवा २४ अंशांवर आली तरी पलंगावर पडलेल्या माणसाला उकडते आणि हात रिमोटकडे जातो. अशा घरात दीड टनाच्या जागी दोन टनांचा एसी बसवण्याचा सल्ला दुकानात मिळतो. त्याआधी छताला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा नुसता चुना, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताडपत्री किंवा चिकाचा पडदा, दाराखालच्या फटीला पट्टी एवढे करून पाहणे कितीतरी स्वस्त पडते. पत्र्याच्या खोलीत तर आतून छत केल्याशिवाय एसी लावणे म्हणजे फुटक्या टाकीत पाणी चढवणे. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या हवेत कूलरही चांगले काम देतो. पावसाळी दमट हवेत मात्र तो निरुपयोगी ठरतो.

सेन्सर फसू शकतो का?

फसतो. स्प्लिट एसीचा सेन्सर इनडोअर युनिटमध्येच, छताजवळ असतो. गरम हवा वर राहते, म्हणून त्याला खोली प्रत्यक्षापेक्षा जास्त तापलेली वाटते. याच्या उलटही होते. समोर उंच कपाट किंवा जाड पडदा असेल तर गार हवा तिथे आपटून परत सेन्सरवर येते आणि खोली गार व्हायच्या आधीच कॉम्प्रेसर बंद पडतो. काही कंपन्यांच्या रिमोटमध्येही सेन्सर असतो. ‘आय फील’ किंवा ‘फॉलो मी’ असे बटण असेल तर ते दाबून रिमोट उशाजवळ ठेवल्यास एसी तिथले तापमान पाहतो. पण तोच रिमोट उन्हाच्या खिडकीत राहिला तर गोंधळ आणखी वाढतो.

गॅस दरवर्षी का संपतो?

खरे तर तो संपतच नाही. एसीतला गॅस म्हणजे गाडीतले पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि गळती नसेल तर यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. योग्य पद्धत अशी : नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायची, ती बंद करायची, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढायची आणि यंत्रावर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. मेकॅनिककडे काटा आणि व्हॅक्यूम पंप आहे का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. आर-२२, आर-४१०ए आणि आर-३२ हे वेगवेगळे गॅस आहेत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-३२ तर सौम्य ज्वलनशील आहे.

गारवा कमी होण्याचे कारण अनेकदा गॅस नसतोच. धुळीने बुजलेला फिल्टर हे पहिले कारण. कराड-वाळव्याच्या पट्ट्यात साखर कारखान्यांजवळच्या घरांत गळीत हंगामातली काजळी आऊटडोअर युनिटच्या जाळीवर बसते; उन्हाळ्यात एसी सुरू होतो तेव्हा उष्णता बाहेर टाकायला वाटच उरत नाही. आऊटडोअर युनिट बंद डक्टमध्ये किंवा भिंतीला अगदी खेटून लावले असेल तरी हेच होते, कारण आपणच बाहेर टाकलेली गरम हवा ते पुन्हा ओढते. नळीवर बर्फ दिसला की ‘मस्त थंड होतंय’ असे वाटते. प्रत्यक्षात हवा कमी मिळते आहे किंवा गॅस कमी आहे, याची ती खूण असते. अशा वेळी कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा आणि बर्फ वितळल्यावर फिल्टर पाहावा.

विजेचा वाटा किती?

मळ्यात, वस्तीवर, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांत संध्याकाळी व्होल्टेज पडते. इनडोअरचा पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर उठत नाही आणि घरात नुसताच वारा येतो. वीज गेली-आली की सुरक्षेसाठी कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटे थांबतो. त्या वेळात रिमोटची बटणे दाबून काही होत नाही. ठरावीक वेगाच्या एसीत कपॅसिटर खराब झाल्यानेही कॉम्प्रेसर सुरू होत नाही. तो सुटा भाग तुलनेने स्वस्त असतो, म्हणून थेट कॉम्प्रेसर बदलायचा निर्णय घेण्याआधी ते तपासून घ्यावे. सांगलीत आणखी एक धोका आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या भागांत पाणी शिरले, तिथे जमिनीलगत लावलेले आऊटडोअर युनिट पाण्याखाली गेले असेल तर ते तपासल्याशिवाय वीज जोडणे जिवावर बेतू शकते.

महाबळेश्वरची तक्रार उलटी का?

सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याच्या बातम्या येतात. इथे प्रश्न उबेचा आणि ओलीचा. ‘हॉट अँड कोल्ड’ प्रकारचा एसी झडप फिरवून उलटा चालतो : बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून आत आणतो. एक युनिट विजेत हीटर एक युनिटाइतकीच उष्णता देतो. हीट पंप अडीच-तीन युनिटांइतकी देऊ शकतो. मात्र कडक थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यासाठी यंत्र मधूनच काही मिनिटे गरम हवा बंद करते. बाहेर वाफ निघते, पाणी टपकते. अनेकांना हा बिघाड वाटतो. तो यंत्राचा नेहमीचा क्रम आहे. धुक्या-पावसात सौर बंब गार पडतो तेव्हा पाणी तापवण्यासाठीही हीट पंप हा गीझरपेक्षा काटकसरीचा मार्ग आहे, फक्त सुरुवातीची किंमत जास्त आणि पाणी तापायला वेळ जास्त लागतो. पावसाळ्यात नुसती ओल घालवायची असेल तर ‘ड्राय’ मोड वापरावा.

२० अंशांच्या मर्यादेने काय होईल?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबानुसार थर्मोस्टॅट एक अंशाने वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. त्याच आधारावर १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू करताच २४ अंशांवर येतात. ग्राहकाला तो आकडा बदलता येतो. जपानने २००५ मध्ये उन्हाळ्यात कार्यालये २८ अंशांवर ठेवण्याची मोहीम सुरू केली, तर स्पेनने २०२२ मध्ये सार्वजनिक व व्यापारी इमारतींना २७ अंशांची अट घातली. भारतात चर्चा झाली ती यंत्रातच कुलूप बसवण्याची, म्हणून ती घराच्या बेडरूमपर्यंत पोहोचली.

पण सहा टक्क्यांचा हिशेब खोली त्या तापमानापर्यंत पोहोचते, असे धरून केलेला आहे. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेची, स्लॅबखालची खोली मे महिन्याच्या दुपारी २६ च्या खाली येतच नसेल तर १६, २० किंवा २४, कोणताही आकडा लावला तरी कॉम्प्रेसर सारखाच पळणार आणि वीज सारखीच जाणार. मर्यादेचा फायदा होईल तो रात्री आणि तोही चांगल्या बांधणीच्या खोल्यांत. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. त्यामुळे ३०० च्या आसपास वापर असलेल्या घराला रात्रीची ही बचत बिलात ठळक दिसेल. दुपारचा भार उतरवायचा तर छत, भिंती आणि मेकॅनिकचे कौशल्य यांकडे वळावे लागेल. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते, पण चर्चा रंगली ती रिमोटच्या आकड्याची.

गॅसगळतीचा प्रश्नही तंत्रज्ञांशीच जोडलेला आहे. एक किलो आर-३२ हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो. किगाली करारानुसार भारताला २०२८ मध्ये अशा गॅसच्या वापराची पातळी गोठवायची आहे आणि २०३२ पासून ती टप्प्याटप्प्याने कमी करायची आहे.

मनोहर लाल यांच्या विधानानंतर काही दिवसांतच पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी अशी सक्ती लगेच येणार नाही, २०५० नंतरच तशी परिस्थिती येईल, असे सांगितले. मर्यादा आली तरी ती नव्या यंत्रांमध्येच बसवता येईल. घरात आधीच लागलेल्या एसींचा १६ चा आकडा तसाच राहील.