चांदण्यात चालणारा विमानतळ

मुलांनो, विमानतळ लपवायचा कसा, सांगा बरं! किल्ली लपवता येते, फार तर सायकल. पण तीन धावपट्ट्या, अवाढव्य विमानं आणि शेकडो माणसं? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हे खरोखरच करून दाखवलं होतं.

लंडनच्या उत्तरेला बेडफर्डशायर परगण्यात टेम्प्सफर्ड नावाचं गाव आहे. १९४२ पासून गावाजवळच्या शेतजमिनीवर विमानदलाच्या १३८ आणि १६१ क्रमांकाच्या तुकड्या होत्या. तिथलं जिब्राल्टर फार्म हे शेतघर मुद्दाम पडक्या अवस्थेतलं दिसेल असं ठेवलं होतं. शेजारूनच आगगाड्या धावत, पण आतल्या प्रवाशांना काय चाललंय याचा पत्ता नसे.

काम काय होतं? जर्मनीनं गिळलेल्या देशांत हेर, शस्त्रं आणि बिनतारी यंत्रं पोचवायची! हॅलिफॅक्स विमानातून हेर हवाई छत्रीनं उड्या टाकत. छोटं लायसँडर मात्र थेट शत्रूच्या मुलखातल्या कुरणात उतरे. वैमानिक एकटा, मांडीवर नकाशा, आणि दिवा म्हणाल तर चंद्र! चांदण्यात चमकणाऱ्या नद्या बघत तो वाट काढी. खाली मित्रांनी तीन विजेऱ्या लावून ठेवलेल्या. काही मिनिटांत माणसं उतरत, दुसरी चढत, की विमान पुन्हा हवेत. म्हणूनच ही उड्डाणं पौर्णिमेच्या आगेमागे होत.

लढाई संपली आणि धावपट्ट्यांची पुन्हा शेतं झाली. तिथल्या माणसांना तर गुप्ततेची शपथ होती. कित्येकांनी घरच्यांनाही काही सांगितलं नाही. भरीस भर म्हणून हेरखात्याच्या लंडनमधल्या कचेरीला १९४६ साली आग लागली आणि पुष्कळ कागद जळाले.

मग शोधायचं कसं? यातली गंमत अशी, की उरलेला एकेक कागद अर्धंच बोलतो. तुकडीच्या रोजनिशीत तारीख, विमान, वैमानिक आणि मोहिमेचं टोपणनाव मिळतं. प्रवाशाचं नाव नाही! वैमानिक साऱ्या हेरांना नुसतं 'जो' म्हणत. खरं नाव हेराच्या स्वतंत्र फाइलीत, आणि त्या फाइली तर कित्येक दशकं कुलुपात. दोन्ही कागद जुळवले की मगच अंधारातल्या प्रवाशाला चेहरा मिळतो.

असाच एक चेहरा नूर इनायत खान हिचा. तिचे वडील, गायक आणि सूफी गुरू इनायत खान, आपल्या शेजारच्या बडोद्याचे. नूरनं मुलांसाठी जातककथांचं पुस्तकही लिहिलं होतं. १६ जून १९४३ च्या रात्री १६१ क्रमांकाच्या तुकडीच्या लायसँडरमधून ती फ्रान्सला गेली. ही विमानं चांदण्या रात्रींत दक्षिण किनाऱ्याजवळच्या टँगमियरला येऊन थांबत, म्हणजे फ्रान्स जवळ पडे. त्या वर्षीचं जुनं पंचांग मिळालं तर जरूर उघडा. वटपौर्णिमा एक-दोन दिवसांवर होती!

पॅरिसमधून ती तीनेक महिने बिनतारी संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली. पुढे तिचं काय झालं? हेरखात्यातल्या व्हेरा ॲटकिन्स यांनी अनेक हेरांना विमानतळावर जाऊन निरोप दिला होता. युद्धानंतर न परतलेल्यांच्या शोधात त्या स्वतःच जर्मनीला गेल्या. तुरुंगाधिकारी, पहारेकरी, कैदी, साऱ्यांना त्यांनी खोदून खोदून विचारलं. आधी वाटलं, नूर नात्सवायलरच्या छळछावणीत मारली गेली. घरच्यांना तसं कळवलंही. पण तिथे मेलेली मुलगी दुसरीच होती. नूरला फोर्झहाइमच्या तुरुंगात साखळदंडांत ठेवलं होतं आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊला तिला गोळी घातली, हे १९४७ साली उघड झालं. ॲटकिन्सबाईंनी चिकाटी सोडली असती, तर तिच्या मरणाचं ठिकाणही कायम चुकीचंच राहिलं असतं. १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. तिची फाइल सर्वांसाठी खुली व्हायला मात्र २००३ साल उजाडलं.

टेम्प्सफर्डच्या धावपट्ट्या आता बऱ्याचशा उखडल्या आहेत, पण जिब्राल्टर फार्मचं ते कोठार अजून उभं आहे. निघण्यापूर्वी हेरांचे खिसे तिथे तपासत, म्हणे. चुकून लंडनच्या बसचं तिकीट राहिलं तर जिवावर बेतायचं! आज कोठाराभोवती झाडं आहेत आणि झाडांपाशी स्मरणाच्या पाट्या. लंडनहून एडिंबराला जाणाऱ्या गाडीत कधी बसलात, तर उजवीकडची खिडकी पकडा.