उतारवयात मोठ्या गाडीची ओढ कशासाठी?

सोलापूर (प्रतिनिधी) - होटगी रस्त्यावरील वसाहतींत किंवा जुळे सोलापुरात सकाळच्या वेळी फेरफटका मारला, तर एक दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. सात आसनांची भलीमोठी गाडी बंगल्याच्या फाटकातून हळूहळू मागे येते. चालकाच्या आसनावर सत्तरीच्या घरातील गृहस्थ, शेजारी त्यांच्या पत्नी आणि मागची पाचही आसने रिकामी. मुले पुण्यात, हैदराबादेत किंवा त्याहूनही दूर. घरात माणसे दोन आणि गाडी मात्र सात जणांची. तरुण शेजारी याकडे हौस म्हणून पाहतात, काहींना त्यात मिरवण्याची हौसही दिसते. प्रत्यक्षात या निवडीमागे शरीर, रस्ता, भीती आणि आठवणी अशा अनेक गोष्टी एकत्र आलेल्या असतात. त्यांतील काही कारणे रास्त आहेत, तर काही तपासून पाहावीत अशी आहेत.

पहिले कारण गुडघ्यांचे. बुटक्या गाडीत बसताना माणसाला सारे वजन एका पायावर तोलावे लागते, गुडघा काटकोनापेक्षा अधिक वाकवावा लागतो, मान खाली घालून कंबर वळवावी लागते आणि मग अंग आसनावर सोडून द्यावे लागते. उतरताना हेच सारे उलट्या क्रमाने आणि गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध करायचे असते. आसन कमरेच्या उंचीला आले, की वाकणे संपते. माणूस नुसता बाजूला सरकून बसतो. आपल्या घरांतून पाट गेला आणि टेबल-खुर्ची आली, त्यातलाच हा प्रकार. ज्यांचे गुडघे कुरकुरत नाहीत त्यांना यातले काही जाणवत नाही आणि मोटारींचे आराखडे बहुधा अशाच वयाची माणसे काढतात. म्हणून तर फोर्ड कंपनीने गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या अभियंत्यांसाठी एक खास पोशाख तयार करवून घेतला होता. तो अंगावर चढविला, की सांधे आखडत, हालचाली मंदावत आणि सोबतच्या चष्म्यातून मोतीबिंदू झाल्यासारखे धूसर दिसे. १९९८ मध्ये आलेल्या 'फोकस' या मोटारीच्या रचनेत या प्रयोगाचा उपयोग झाला.

मात्र येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. गुडघ्याला हवी असते ती आसनाची उंची. गाडीची लांबी-रुंदी नव्हे. उलट फार उंच गाडीत पायदानावर पाय देऊन वर चढावे लागते आणि साडी नेसलेल्या साठीच्या महिलेला ती कसरत बुटक्या गाडीइतकीच जड जाते. खरेदीच्या वेळी गृहस्थ सुकाणूमागे बसून समाधानी होतात. काकूंना चढता येते का, हे कोणी पाहत नाही. ते नंतर, पहिल्यांदा तुळजापूरला जाताना कळते.

दुसरे कारण नजरेचे. उंचावर बसलेल्याला पुढचा रस्ता दूरवर दिसतो, समोरच्या गाडीच्या टपावरून पुढे काय चालले आहे याचा अंदाज येतो. वयानुसार मान पूर्वीइतकी वळत नाही, धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा अवधी वाढतो. अशा वेळी चार क्षण आधी दिसणे ही मोठीच सोय ठरते. विशीतील डोळ्यांच्या तुलनेत साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत अंधारात सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो, असे नेत्रतज्ज्ञ मानतात. समोरच्या वाहनाच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपले, तर सावरायलाही अधिक वेळ लागतो.

सोलापूर जिल्ह्यात या गोष्टीला निराळेच गांभीर्य आहे. साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. गाळप हंगाम सुरू झाला, की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर जोडलेली उसाची वाहने दिवसरात्र रस्त्यावर असतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, परावर्तक असला तर तो चिखलाने माखलेला. पंढरपूर किंवा अक्कलकोटहून रात्री परतणाऱ्या सत्तरीच्या चालकाला ही काळी भिंत अगदी जवळ आल्यावरच दिसते. त्याच्या मनात बसलेली भीती काल्पनिक नाही. 'आपल्याभोवती भक्कम पत्रा असावा' ही इच्छा त्याच भीतीतून येते.

ही इच्छा भौतिकशास्त्राला कितपत मान्य आहे? काही अंशी मान्य आहे. अठराशे किलोची एक आणि नऊशे किलोची एक अशा दोन गाड्या ताशी ६० किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकल्या, असे समजा. जड गाडीच्या वेगात ४० किलोमीटरचा बदल होईल आणि हलक्या गाडीच्या वेगात ८० किलोमीटरचा. वेगातला हा झटक्यासरशी होणारा बदलच माणसाच्या छातीवर आणि मानेवर येतो. वय वाढले, की बरगड्या ठिसूळ होतात. तिशीतला माणूस ज्या धक्क्यातून खरचटून वाचतो, त्याच धक्क्याने सत्तरीतला माणूस अतिदक्षता विभागात जातो. म्हणजे ज्येष्ठाला जड गाडीचा लाभ खरोखरच अधिक.

पण समोर वीस टनांची उसाची ट्रॉली असेल, तर अठराशे किलो आणि नऊशे किलो यांत फारसा फरक उरत नाही. शिवाय उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्याने अचानक वळविताना ती उलटण्याचा धोका तुलनेने अधिक असतो. आणि पट्टा बांधलेला नसेल, तर महागडी गाडीसुद्धा आतल्या माणसाला वाचवीलच असे नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ज्या अपघातात मृत्यू झाला, ती गाडी मर्सिडीजची एसयूव्ही होती आणि मागच्या आसनावर बसलेल्या मिस्त्री यांनी पट्टा बांधलेला नव्हता. आपल्याकडे मागच्या आसनावर पट्टा बांधणारे ज्येष्ठ शोधावेच लागतील.

या ओढीला एक इतिहासही आहे. आज सत्तरीत असलेली पिढी १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० बाजारात आली तेव्हा तिशीत होती. त्याआधी मोटार म्हणजे अॅम्बॅसेडर नाहीतर फियाट आणि दोन्हींसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा. गिरणी, बँक, महापालिका किंवा शाळेत नोकरी करणाऱ्या सोलापूरकराची धाव लूना आणि स्कूटरपर्यंत होती. पुढे कर्ज काढून मारुती आली, तिच्यात आई-वडील, दोन मुले, डबे आणि वळकट्या कोंबून गाणगापूर झाले, कोल्हापूर झाले. मोठी गाडी मात्र इतरांची असे. १९९४ मध्ये टाटा सुमो आली ती कारखान्याचा अध्यक्ष, कंत्राटदार आणि पुढारी यांच्याकडे. दुसऱ्या टोकाला होती खेड्यापाड्यांत माणसे लोंबकळत नेणारी वडाप जीप. मधल्या माणसाच्या वाट्याला बुटकी गाडी. निवृत्तीच्या रकमेतून किंवा मुलाच्या पगारातून तो आज उंच आसनावर बसत असेल, तर त्यात थोडी फेड आहे. त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

मुलाच्या पगाराचा उल्लेख केला तो सहज नाही. अनेक घरांत गाडी वडिलांनी निवडलेलीच नसते. पुण्यात स्थायिक झालेला मुलगा दिवाळीला किंवा गड्ड्याच्या यात्रेला बायको-मुलांसह येणार, तेव्हा सगळ्यांना एकत्र बाहेर पडता यावे, हा एक हेतू. आई-वडील अडीचशे किलोमीटरचा पुणे रस्ता कापून तपासणीसाठी येतात, तेव्हा ते 'सुरक्षित' असावेत, ही दुसरी काळजी. वर्षातील दहा दिवसांसाठी घेतलेली गाडी उरलेले साडेतीनशे दिवस वडील एकट्याने शहरात चालवतात.

आणि शहर म्हणजे सोलापूर. मारुती ८०० ची लांबी ३३३५ मिलिमीटर आणि रुंदी १४४० होती; इनोव्हा क्रिस्टाची लांबी ४७३५ आणि रुंदी १८३०. म्हणजे गाडी साडेचार फुटांनी लांब आणि सव्वा फुटाने रुंद झाली. चाटी गल्ली, मधला मारुती, बाळीवेस यांतले काहीही रुंद झाले नाही. नवी पेठेत गाडी लावायला जागा शोधणे, मान वळत नसताना ती मागे घेणे, दोन्ही बाजूंनी घासून जाणाऱ्या दुचाकी सांभाळणे, हे सारे मोठ्या गाडीत अधिक अवघड होते. महामार्गावरची भीती कमी करण्यासाठी पेठेतला ताप विकत घेतला जातो, असे म्हणावे लागेल.

परदेशातले अनुभव याबाबत बोलके आहेत. अमेरिकेत वृद्धांची गाडी म्हटली, की लांबलचक, मऊ बैठकीची मर्क्युरी ग्रँड मार्क्विस किंवा लिंकन टाउन कार डोळ्यांसमोर येई. दोन्हींचे उत्पादन २०११ मध्ये थांबले. त्या उंच नव्हत्या, पण रस्ते रुंद होते आणि सवय जुनी होती. जपानमध्ये नेमके उलट. तेथील खेड्यापाड्यांतले ज्येष्ठ नागरिक 'केई' या छोट्या वर्गातील गाड्या मोठ्या प्रमाणावर चालवतात. कमाल लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० सीसी, ही त्या वर्गाची मर्यादा. गल्ल्या अरुंद, म्हणून गाडी छोटी. मात्र छप्पर आणि आसन उंच. आपल्या रस्त्यांवरची वॅगन आर मूळची याच वर्गातली. जपानमध्ये ती १९९३ मध्ये आली आणि भारतात १९९९ मध्ये. गुडघ्याचा प्रश्न पन्नास-साठ वर्षांच्या माणसासाठी त्या गाडीने केव्हाच सोडविला होता. फक्त तिला कोणी 'मोठी' म्हटले नाही.

आता बाजारानेही मधला मार्ग काढला आहे. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना २००६ पासून मिळालेल्या करसवलतीमुळे आखूड पण उंच गाड्यांची रांगच लागली. २०२४ मध्ये देशात सर्वाधिक विकली गेलेली टाटा पंच ही त्यांतलीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, ही बाबही निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने लक्षात घेण्यासारखी. क्लच दाबून डावा गुडघा दुखतो, अशी तक्रार असेल, तर २०१४ मध्ये सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांतही आपोआप गिअर बदलण्याची सोय आली आहे. तिचा उपयोग मोठ्या आकारापेक्षा कितीतरी अधिक.

हे सारे गाडीच्या आत बसलेल्यांविषयी झाले. बाहेरच्यांचे काय? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि सुमारे १९ टक्के पादचारी होते. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीसाठी पायी निघालेल्या दिंडीत मोटार घुसून सात वारकरी ठार झाले. त्या घटनेचा ज्येष्ठ चालकांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण आपल्या जिल्ह्यातील रस्त्यावर मोटारीसमोर कोण असते, हे ती सांगते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिल्यास मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. बुटकी गाडी पायाला लागते, उंच गाडी छातीला आणि डोक्याला. उंचावरून दूरचे दिसते, पण अगदी पुढ्यातले मूल दिसत नाही. सुरक्षितता येथे निर्माण होत नाही, ती एकाकडून काढून दुसऱ्याला दिली जाते. ज्याच्याकडून काढली जाते, तोही बहुधा कोणाचा तरी वडीलच असतो, स्कूटरवरचा.

यावर 'ज्येष्ठांनी गाडी चालवू नये' हे उत्तर फार सोपे आहे आणि सोलापुरात तर ते क्रूर ठरेल. महापालिकेच्या परिवहन सेवेची दशा सर्वांना ठाऊक आहे. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून आलेल्या बसच्या सांगाड्यांना तडे गेले, त्या डेपोत उभ्या राहिल्या आणि शहर रिक्षांच्या हवाली झाले. पदपथ आहेत तेथे टपऱ्या आहेत. अशा शहरात गाडीची किल्ली हातातून जाणे म्हणजे डॉक्टर, बँक, भजनी मंडळ आणि नातेवाईक यांच्यापर्यंत स्वतःहून पोचण्याचा हक्क जाणे. मोठ्या गाडीला चिकटून राहण्यामागे हेही एक न बोललेले कारण आहे.

कायद्याने मात्र एक जागा ठेवली आहे. पंचावन्न वर्षांनंतर चालक परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि त्यासोबत नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. डॉक्टरांनी त्यावर दृष्टी, श्रवण आणि हातापायांची हालचाल तपासून सही करायची असते. ही तपासणी किती मिनिटांत उरकते, हे ज्यांनी ती करून घेतली आहे त्यांना विचारावे. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर स्मरणशक्ती आणि आकलनाचीही चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे तिचा विचारही नाही.

नमुना १-अ मधील एक अट सांगते, की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी वाचता आली पाहिजे. २५ मीटर म्हणजे साधारण पस्तीस पावले. त्यासाठी दवाखान्यात जावे लागत नाही. पुण्याहून सुट्टीला आलेल्या मुलाने शोरूमला जाण्याआधी वडिलांसोबत गल्लीत तेवढे अंतर मोजून पाहिले, तरी पुरे. दिवेलागणीनंतर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी आणि गाडी कोणती घ्यायची, याची चर्चा त्यानंतर करावी.