छपरावरचे पाणी कोणाच्या खात्यात?

बँकेच्या काउंटरवर दिवसभर नोटा मोजताना शंभराची जांभळी नोट शेकडो वेळा हाताखालून जाते. २०१८ साली आलेल्या या नोटेच्या पाठीवर पाटणची ‘राणीची वाव’ आहे. अकराव्या शतकात राणी उदयमतीने बांधलेली ही बारव २०१४ मध्ये जागतिक वारसा ठरली. पाणी जसजसे खाली जाईल तसतशा पायऱ्या उतरायच्या, आणि वरच्या मजल्यांवर गारव्याला बसायचे. पाणी हाच त्या वास्तूचा पाया! आज मात्र आपण सार्वजनिक इमारत आधी बांधतो आणि पाण्याचा विचार शेवटी करतो. म्हणजे काय, तर गच्चीवर काळी टाकी बसवतो.

बडोदेकरांना तरी हे शोभत नाही. शहराला पाणी मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सयाजीराव महाराजांनी आजवा तलाव बांधून घेतला. त्याचे पाणी आपण अजून पितो. आपल्या जुन्या वाड्यांतही आड होते. घरोघरी नळ आले, आडात राडारोडा पडला आणि वर फरशी बसली. यात दोष कोणा एकाचा नाही, आपल्या सर्वांचाच आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर गेले. आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी होते, आणि प्यायला घागरभरसुद्धा नव्हते. पुढच्याच उन्हाळ्यात एका सभागृहात लग्नाला गेलो, तर मागच्या दाराशी टँकर उभा! पावसाळ्यात उधळपट्टी आणि उन्हाळ्यात उसनवारी. असा खातेदार कोणत्या बँकेला चालेल?

मी वाणिज्य शाखेचा, म्हणून साधा हिशेब मांडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. बडोद्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस धरा. ५०० चौरस मीटर छपराच्या सभागृहावर साडेचार लाख लिटर पाणी पडते. वाया जाणारे वीस टक्के वजा केले तरी ३ लाख ६० हजार लिटर उरते. १० हजार लिटरचा टँकर धरला, तर हे ३६ टँकर झाले.

पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडावे, नंतरचे गाळून जमिनीखालच्या टाकीत घ्यावे आणि टाकी भरली की उरलेले जमिनीत मुरवावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. मुरवण्याच्या विहिरीचे तोंड पुराच्या पातळीपेक्षा उंच असले पाहिजे, नाहीतर गटाराचे पाणी थेट भूजलात जाईल. आणि दर मे महिन्यात गाळणी साफ व्हायला हवी. कागदावर ‘व्यवस्था केली आहे’ आणि प्रत्यक्षात पाइप तुंबलेला, असे प्रकार पुष्कळ पाहिले आहेत.

मते मागायला उमेदवार दाराशी आले, की रस्त्याबरोबर एवढेही विचारा : आमच्या वॉर्डातली शाळा, दवाखाना आणि वाचनालय यांच्या छपरावरचे पाणी कुठे जाते? त्याचा जमाखर्च दरवर्षी फलकावर लावाल का?

पण त्याआधी आपल्या मंडळाच्या सभागृहापासून सुरुवात करू या. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला हात वर होतील ना?