आजीच्या शिवारातली फवारणी आणि नातीचं आरोग्य

विज्ञानाच्या तासाला आपण एक वाक्य सहज सांगून जातो : मुलीच्या अंडाशयातल्या अंडपेशी तिच्या जन्माआधीच तयार झालेल्या असतात. पण या वाक्याचा अर्थ किती खोल आहे बघा. गरोदर बाईच्या पोटात मुलगी वाढत असेल, तर पुढे होणाऱ्या नातवंडांची अंडपेशीही तिथेच असते. म्हणजे त्या बाईच्या अंगात कीटकनाशक गेलं, तर ते एकाच वेळी तीन पिढ्यांपर्यंत पोहोचू शकतं.

ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड भागात १९५९ ते १९६७ या काळात हजारो गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले गेले. तेव्हा डीडीटी सर्रास वापरलं जाई. २०२१ मध्ये त्यांच्या नातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या आज्यांच्या रक्तात डीडीटी जास्त होतं, त्यांच्या नातींमध्ये लठ्ठपणा आणि पाळी लवकर येणं जास्त दिसलं. तिथे १९७२ मध्येच डीडीटीवर बंदी आली होती आणि या नाती त्यानंतर जन्मलेल्या! अर्थात हा संबंध आहे, अंतिम पुरावा नव्हे. हा फरकही मुलांना सांगायलाच हवा.

आता आपल्याकडे पाहू. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर मास्क-हातमोज्यांची चर्चा झाली, पण ती पंप पाठीवर घेणाऱ्यापुरतीच. फवारणीसाठी पाणी आणून देणारी, फवारलेल्या रानात निंदायला जाणारी, ते कपडे हाताने धुणारी बाई कुणाच्या हिशेबातच नसते. पहिल्या महिन्यात तर आपल्याला दिवस गेलेत हे तिलाही ठाऊक नसतं.

फवारणी बंद करा, असं मी म्हणत नाही. हातचं पीक जाताना शेतकरी काय करणार? पण आपण त्या विषाला 'औषध' म्हणतो, तिथूनच गाफीलपणा सुरू होतो. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाचा अर्थ वर्गात शिकवूया. लाल म्हणजे सर्वांत विषारी. पालकांनो, फवारणीचे कपडे वेगळे धुवा, आणि ज्याने फवारलं त्यानेच धुवा. रिकाम्या डब्यात पाणी भरू नका. मुलींना आणि गरोदर बाईला त्या रानात पाठवू नका.

जमिनीचा सातबारा आपण नातवंडांसाठी जपतो. मग त्यांचं आरोग्यही जपायला नको का?